जुन्या १०० सीसी मोटारसायकलचा तपासणी अहवाल : कशावर विसंबावे आणि कशावर नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या धायरीत राहणारे एक गृहस्थ मुलीच्या कॉलेजसाठी १०० सीसीची, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, २०१६ साली नोंदणी झालेली मोटारसायकल घेण्याच्या विचारात आहेत. जुन्या दुचाकींची खरेदी-विक्री करणाऱ्या एका कंपनीचा तपासणी अहवाल विक्रेत्याने दाखवला आणि त्यात जवळजवळ प्रत्येक रकान्यात ‘उत्तम’ असा शेरा आहे. पीयूसी गेल्याच महिन्यातले आहे, आरसीची मुदत २०३१ पर्यंत आहे, मीटरवर २६ हजार किलोमीटर दिसतात, आणि ओळखीच्या मेकॅनिकने गल्लीत एक फेरी मारून ‘इंजिन सील आहे, बिनधास्त घ्या’ असे सांगितले आहे. या पाच गोष्टींवर किती विसंबावे, आणि गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे हे कुणाला खात्रीने सांगता येते का, असे त्यांनी विचारले आहे.

पुण्यात दुचाकी दुरुस्ती आणि अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी हेच माझे रोजचे काम असल्यामुळे त्यांनाच उद्देशून आधी सरळ उत्तर देतो. या पाचपैकी एकही गोष्ट गाडी सुरक्षित असल्याचा पुरावा नाही. कंपनीच्या अहवालातल्या काही नोंदी उपयोगी पडतील, पण त्या कोणत्या हे ओळखता आले पाहिजे. जुन्या गाडीच्या तपासणीत माझी पहिली कसोटी अशी असते की हा दोष विक्रेत्याला एका तासात, दोनशे-तीनशे रुपये खर्चून झाकता येतो का? ज्या दोषाचे उत्तर ‘हो’ असेल, त्याबाबतचा ‘उत्तम’ शेरा मी जमेस धरत नाही. ज्याचे उत्तर ‘नाही’ असेल, त्यावरच निर्णय उभा करतो.

आधी कागदांचे पाहू. खासगी दुचाकीला मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार नोंदणी मिळते ती पंधरा वर्षांसाठी, आणि त्या पंधरा वर्षांत आरटीओ ती गाडी पुन्हा तपासायला बोलावत नाही. रिक्षा, टेम्पो, बस यांना ठराविक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यासाठी आपल्याकडची वाहने दिवे घाटावरच्या ट्रॅकवर रांगेत उभी असतात. खासगी मोटारसायकलला तसे काही नाही. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नूतनीकरणाच्या वेळी मोटार वाहन निरीक्षक ती पाहतो आणि पुढे पाच वर्षांची मुदत मिळते. म्हणजे २०३१ पर्यंत वैध असलेली आरसी एवढेच सांगते की २०१६ साली ही गाडी नवी होती. मालकी हस्तांतराच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांचाही गाडीच्या स्थितीशी संबंध नसतो, आणि तृतीय पक्ष विमा तर गाडी न पाहताच ऑनलाइन मिळतो. अलीकडे आणखी एक समज ऐकू येतो की नवी उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवून घेतलेली गाडी ‘सरकारने बघितलेली’ असते. पाटी बसवणारा माणूस पाटीच बसवतो. त्याने ब्रेकला हात लावलेला नसतो.

पीयूसीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण लोक ते इंजिनाच्या तब्येतीचे प्रमाणपत्र समजतात. दुचाकीची ही चाचणी इंजिन जागच्या जागी, आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) चालू ठेवून होते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन हे दोनच आकडे पाहिले जातात. २००० सालच्या मार्चनंतर बनलेल्या, भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकापूर्वीच्या फोर स्ट्रोक दुचाकींसाठी ही मर्यादा अनुक्रमे ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम (दशलक्षांत ४,५०० भाग) आहे. तुमची गाडी कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रणेची असणार. कार्ब्युरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू थोडा फिरवला की आयडलवरचा कार्बन मोनॉक्साइड लगेच उतरतो, आणि चाचणी झाल्यावर तोच स्क्रू पूर्ववत करता येतो. सायलेन्सरच्या जोडाला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन नमुना पातळ होतो आणि आकडा आणखी चांगला दिसतो. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीच्या पीयूसीवर कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ शून्य छापलेला दिसला, तर मी इंजिनाचे कौतुक करत नाही, आधी सायलेन्सरचे गॅस्केट पाहतो. चाक, ब्रेक, हँडल यांच्याबद्दल त्या कागदात एक अक्षरही नसते, हे वेगळे सांगायला नको.

आता कंपनीचा अहवाल. असे अहवाल खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. तपासणारी मुले बहुतेक वेळा प्रामाणिकपणे पाहतात, पण एका गाडीला त्यांना मिळणारा वेळ थोडा असतो, चाक काढण्याची परवानगी नसते, आणि शंभर-दीडशे बाबींची यादी भरायची असते. त्या यादीत सीटचे कव्हर, आरसे, इंडिकेटरच्या काचा आणि रंगावरचे ओरखडे यांनाही एकेक रकाना असतो, आणि मागच्या ब्रेकला जागी धरून ठेवणाऱ्या पट्टीला, म्हणजे टॉर्क रॉडलाही एकच. सगळ्यांची बेरीज करून ‘९२ टक्के’ असा गुण काढला की उरलेल्या आठ टक्क्यांत नेमके काय गेले, हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय जी कंपनी गाडी विकणार आहे तिचीच तपासणी असेल, तर तपासणाऱ्याचा पगार कुठून येतो हेही लक्षात घ्यावे.

अहवाल हातात आल्यावर मी त्यात आकडे शोधतो. ‘टायर उत्तम’ या शेऱ्याची फेरतपासणी करता येत नाही, कारण तो एका माणसाचा अभिप्राय असतो. ‘मागच्या टायरची खोली मध्यभागी २ मिलिमीटर, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष १४२१’ (२०२१ चा चौदावा आठवडा) अशी नोंद असेल, तर मी पाच मिनिटांत ती पडताळू शकतो, आणि ती बरोबर निघाली की इतर नोंदींवरचा माझा विश्वासही थोडा वाढतो. दुचाकीच्या टायरची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. पुण्याच्या पावसात आणि सिमेंटच्या रस्त्यांवर मी स्वतः दीड मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर ठेवू देत नाही. खोली चांगली असली तरी बाजूवरचे चार अंकी सांकेतिक वर्ष पाहावे. दहा वर्षांच्या गाडीला मूळचाच पुढचा टायर असेल, तर त्याचे रबर कडक झालेले असते आणि बाजूला बारीक भेगा दिसतात. टायरवरचा काळा चकचकीत मुलामा भेगा झाकतो, वर्ष झाकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चेनचा पूर्ण केस उघडल्याचा उल्लेख. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना बंद चेन केस असतो आणि त्याला एक रबरी टोपण असते. त्या टोपणातून चेन किती ढिली आहे एवढेच समजते. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्रांचे, दात पाहायचे तर केस खोलावाच लागतो, आणि इंजिनाकडचे छोटे स्प्रॉकेट पाहायला त्याचे वेगळे कव्हर काढावे लागते. ढिली चेन ताणून घेणे हे दहा मिनिटांचे काम आहे, म्हणून ‘चेन ताण योग्य’ या शेऱ्याला किंमत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन दोन बोटांत धरून मागे ओढावी. अर्धा दात उघडा पडेल इतकी ती उचलली जात असेल, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट संपले आहेत. छोट्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकलेले असतील तर मीटरवरचे २६ हजार किलोमीटर मनातून काढून टाकावेत, निदान तो संच एकदाही बदललेला नाही असे विक्रेता सांगत असेल तेव्हा तरी.

मीटरबद्दल साधा हिशेब करावा. धायरीहून शिवाजीनगरला रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर सहज होतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी सहा हजार, आणि दहा वर्षांचे साठ हजार. एखाद्या घरातली तिसरी गाडी म्हणून ती खरोखरच कमी चाललेली असू शकते, पण मीटरची केबल तुटून वर्षभर तशीच राहिली असेल, किंवा अख्खे मीटरच बदलले असेल, हेही तितकेच शक्य आहे. पुण्यात घरपोच डिलिव्हरीसाठी राबलेल्या छोट्या मोटारसायकली मोठ्या प्रमाणात विक्रीला येतात. मागच्या हँडलवर आणि सीटच्या कडेवर मोठ्या पिशवीच्या घासण्याच्या खुणा, हँडलच्या दांडीवर मोबाइल होल्डरच्या क्लॅम्पचा वळ, आणि किकच्या दांड्यावरचे झिजलेले लोखंड हे सगळे मीटरपेक्षा जास्त बोलते. अशी गाडी घेऊच नये असे नाही. फक्त तिची किंमत सव्वीस हजारांची लावू नये.

आता हँडलाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात छोट्या गाडीच्या तपासणीत सर्वाधिक फसगत इथेच होते. हँडलचा कोनसेट, म्हणजे पुढच्या नळीच्या वर-खाली बसणाऱ्या वाट्या आणि गोळ्या, खड्ड्यांच्या रस्त्यांवर झिजतात. झीज दोन प्रकारे कळते. गाडी डबल स्टँडवर लावून कुणाला तरी मागून सीट दाबायला सांगावे म्हणजे पुढचे चाक हवेत राहते. मग फोर्कची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, खालची टोके दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवावीत. कोनसेट ढिला असेल तर ‘टक्’ असा बारीक धक्का हाताला लागतो. हा धक्का फोर्कच्या बुशचा आहे की कोनसेटचा, याबद्दल दोन मेकॅनिकांत मतभेद होतात. तो मिटवण्याची रीत अशी की खालची वाटी आणि फ्रेमची नळी जिथे भेटतात त्या फटीवर बोट ठेवायचे आणि दुसऱ्याने फोर्क हलवायचा. हालचाल फटीत जाणवली तर कोनसेट, नाही तर खाली फोर्कमध्ये शोध घ्यायचा.

पण हा धक्का झाकता येतो. वरचा नट पाव फेरा आवळला की खेळ नाहीसा होतो, आणि गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या संध्याकाळी तो आवळलेला असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी. नट आवळून जे झाकता येत नाही ते म्हणजे वाटीत पडलेली खाच. चाक हवेत असतानाच हँडल एका बोटाने, अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे न्यावे. सरळ रेषेपाशी आल्यावर ते स्वतःहून किंचित अडकले आणि पुढे ढकलायला जास्त जोर लागला, तर गोळ्यांनी वाटीत घर केले आहे. नट जितका जास्त आवळलेला, तितकी ही खाच उलट जास्त स्पष्ट जाणवते. अशी गाडी सावकाश वेगात सरळ चालत नाही, चालवणाऱ्याला सतत लहान-लहान दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि नवख्या चालकाला वाटते की दोष आपल्या हातात आहे. कोनसेट महाग नाही, नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत चांगल्या प्रतीचा संच काही शे रुपयांत मिळतो. मात्र अहवालात ‘स्टिअरिंग उत्तम’ लिहिलेले असताना ही खाच निघाली, तर पुढचे चाक हवेत उचलून कुणी पाहिलेच नव्हते हे सिद्ध होते, आणि मग तो अहवाल मी बाजूला ठेवतो.

चाक हवेत आहे तोवर बाकीची दोन-तीन कामे उरकून घ्यावीत. चाक फिरवून रिम आऊट आहे का ते पाहावे, वरून-खालून धरून हलवत बेअरिंगचा खेळ तपासावा, स्पोकवर पाना टिचकावा. घट्ट स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. मागे गेल्यावर चिमट्याचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचा, बुश पाहण्यासाठी चिमटा दोन्ही बाजूंना ढकलावा. चाकाच्या बेअरिंगचा खेळ आणि बुशचा खेळ यांत गल्लत होऊ नये म्हणून चाकाला नव्हे, चिमट्यालाच हात लावावा.

ब्रेकच्या बाबतीत पॅनेलवरचा, म्हणजे ड्रमच्या झाकणावरचा, बाण सगळ्यांना माहीत असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर आर्मवरचा बाण खुणेपर्यंत पोहोचला की शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, संपले. विक्रेत्याने नवे शू टाकले असतील तर बाण छान दिसेल, पण ड्रम तोच जुना राहतो. या गाड्यांचे ड्रम मॉडेलनुसार ११० किंवा १३० मिलिमीटरचे असतात आणि त्यांची झीज साधारण एक मिलिमीटरपर्यंतच मान्य असते. चाक काढून ड्रमच्या आतल्या कडेवर नख फिरवावे. नख अडकेल अशी कड तयार झाली असेल, तर कॅलिपरने व्यास मोजावा. झिजलेल्या ड्रममध्ये नवा शू नीट टेकत नाही, त्यामुळे पहिले काही दिवस ब्रेक स्पंजसारखा लागतो आणि उतारावर पुरत नाही. ड्रमची झीज झाकायची तर हब किंवा अख्खे चाकच बदलावे लागते. तेवढा खर्च विक्रीसाठी कुणी करत नाही, म्हणून ड्रम हा माझ्या दृष्टीने गाडीच्या वयाचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे.

त्याच चाकापाशी आणखी एक गोष्ट जवळून पाहावी. मागच्या ब्रेक पॅनेलपासून चिमट्यापर्यंत जाणारी पट्टी, म्हणजे टॉर्क रॉड, तिच्या दोन्ही टोकांना बोल्ट असतो आणि पॅनेलकडच्या नटातून एक स्प्लिट पिन जाते. पंक्चर काढताना किंवा शू बदलताना ही पिन काढावी लागते, आणि घाईत ती परत बसवली जात नाही किंवा तिच्या जागी तारेचा तुकडा वळवलेला असतो. नट हळूहळू सुटतो. तो पडला आणि त्या क्षणी ब्रेक दाबला, की पॅनेल चाकाबरोबर फिरते, ब्रेकची दांडी ओढली जाते आणि चाक जाम होते. कात्रजच्या किंवा दिवे घाटाच्या उतारावर हे झाले तर काय होईल ते लिहीत नाही. ती पिन दोन-पाच रुपयांची असते. विक्रेत्याच्या अंगणात गुडघ्यावर बसून, टॉर्च लावून, पिन आहे का आणि तिची दोन्ही टोके वळवलेली आहेत का हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. इथे तारेचा तुकडा दिसला तर मी उरलेल्या गाडीकडे अधिक संशयाने पाहतो, कारण ज्याने इथे तार घातली त्याने इतर ठिकाणीही तेच केलेले असते.

चालवून पाहण्याबद्दल. तुमच्या मेकॅनिकने मारलेल्या फेरीतून इंजिन चालू होते, गिअर पडतात आणि गाडी थांबते एवढे कळले. त्याने गाडी एकट्याने, सपाट रस्त्यावर, गरम इंजिनावर चालवली. तुमची मुलगी ती थंड इंजिनावर सकाळी सुरू करणार, मैत्रिणीला मागे बसवणार आणि पावसात चालवणार. म्हणून फेरी तशीच घ्यावी. विक्रेत्याला आधी कळवावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाच्या हेडजवळ हात न्यावा. ते ऊबदार लागले तर चहा घेऊन तासाभराने परत यावे, किंवा दुसऱ्या दिवशी लवकर जावे. थंड सुरुवातीला निळा धूर येऊन विरला तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यायचा, जोर लावताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या बोअरवर. दाट तेल भरून हा धूर आणि टॅपेटचा आवाज दोन्ही काही काळ दाबता येतात. शंका असेल तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे तेल स्वतःच्या खर्चाने भरून वीस किलोमीटर चालवू द्या अशी विनंती करावी.

ब्रेकची चाचणी मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून करावी आणि ती अनुभवी चालकानेच करावी. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. दोन्ही ब्रेक नीट असलेली छोटी मोटारसायकल या वेगातून ब्रेक लागल्यापासून सात-आठ मीटरांत थांबायला हवी. नुसत्या मागच्या ब्रेकवर हेच अंतर दहा-अकरा मीटरच्या पुढे जाते. रस्त्यावर खडूने रेघ मारून तीनदा मोजावे. दोन्ही ब्रेक लावूनही गाडीला दहा मीटर लागत असतील, तर पुढचा ब्रेक जवळजवळ काम करत नाही असे समजावे. तीनही वेळा आकडा फार वेगळा आला तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा शूवर तेल-ग्रीस गेले आहे. २०१६ च्या गाडीत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय बहुधा नसेल, कारण १२५ सीसीपर्यंतच्या सर्व गाड्यांना ती किंवा एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाली ती एप्रिल २०१९ पासून. त्यामुळे मुलीला पुढचा ब्रेक वापरायची सवय लावणे हे गाडी तपासण्याइतकेच आवश्यक आहे.

क्लच पाहायला चढ हवा. चांदणी चौकाच्या बाजूचा किंवा कात्रजच्या जुन्या घाटाचा चढ, मागे माणूस बसवून, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण द्यावा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट गेल्या. सपाटीवर हे दिसतच नाही.

फ्रेम आणि फोर्क वाकला आहे का, हे डोळ्यांनी ठरवणे जिकिरीचे असते आणि याच बाबतीत दोन अनुभवी माणसेही वेगवेगळे बोलतात. म्हणून दोरा लावावा. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना वाटेत कुठे अडणार नाही अशा उंचीवर दोरा टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणायचा, हँडल सरळ धरायचे आणि पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. मोठा फरक आला तर आधी मागचे चाक चेनच्या खुणांनुसार दोन्ही बाजूंना सारखे आहे का ते पाहावे, आणि तसे असूनही फरक राहिला तर पुढे टी (फोर्कच्या दोन नळ्या जोडणारा भाग) किंवा फोर्क, नाही तर चिमटा वाकलेला आहे. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडते तो लोखंडी ठोकळा चेपलेला असेल, किंवा हँडलखालच्या नळीवर नव्या रंगाचा थर असेल, तर समोरून जोरात धडक बसलेली आहे. चासी क्रमांकाचा ठसा बहुतेक गाड्यांत त्याच नळीवर असतो. तो आरसीशी अक्षरशः जुळवावा, आणि आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील तर तिथूनच निघून यावे. या एका बाबतीत किमतीची घासाघीस करू नये.

धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरातली गाडी असल्यामुळे पाण्याचा मुद्दा सोडता येत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर एकतानगरीत पाणी शिरले, त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, आणि दोन्ही वेळा पार्किंगमधल्या दुचाकी पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी धुऊन, तेल बदलून, बॅटरी टाकून सुरू करता येते आणि काही महिने ती ठीक चालते. नंतर बेअरिंग, कोनसेट आणि वायरिंगचे जोड एकेक करून गंजतात. बाहेरून सगळे स्वच्छ केलेले असते, पण हेडलाइट खोलून आतल्या बाजूला, टाकीखालच्या वायरिंगच्या पट्टीत आणि ब्रेक पॅनेलच्या आत बारीक, पिठासारखा गाळ राहून जातो. तपासणी अहवालात हेडलाइट ‘चालू’ असे लिहिलेले असते. तो खोलून पाहिलेला क्वचितच असतो, आणि खोलायला एक-दोन स्क्रूच लागतात.

इंजिनाच्या आत काय आहे, ते पुढे किती चालेल, वायरिंग कधी दगा देईल, हे एका तपासणीत कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. कॉम्प्रेशन गेज लावून आकडा घेता येतो. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून आकडा वाढला तर रिंगा-बोअर झिजले आहेत एवढे अनुमानही निघते, पण त्यावरून आयुष्य मोजता येत नाही. ‘इंजिन सील आहे’ याचा अर्थ ते कुणी उघडलेले नाही, इतकाच. दहा वर्षांत न उघडलेले इंजिन चांगले असू शकते, किंवा हाफ इंजिनच्या, म्हणजे सिलिंडर-पिस्टन-रिंगांच्या, कामाची वेळ आली असूनही कुणी ते केलेले नसू शकते. या अनिश्चिततेवर तपासणी हा उपाय नाही. हाफ इंजिनच्या कामाचा आपल्या गॅरेजमधला आजचा खर्च विचारून घ्यावा आणि त्याचा काही भाग बोलीतून कमी करावा.

तुमच्या बाबतीत मी असे सुचवतो. विक्रेत्याला थोडी इसार रक्कम द्या आणि एका कागदावर लिहून घ्या की तुमच्या खर्चाने दोन्ही चाके, चेन केस आणि हेडलाइट उघडून पाहिल्यानंतरच व्यवहार पक्का होईल. नकार आला तर दुसरी गाडी पाहा, पुण्यात या वर्गाच्या गाड्यांना तोटा नाही. तपासणीसाठी आधी फेरी मारलेला मेकॅनिक नको, कारण त्याने मत दिलेले आहे आणि माणूस आपले मत सहसा बदलत नाही. दुसरा घ्या, आणि त्याला ना कंपनीचा अहवाल दाखवा, ना पहिल्याचे मत सांगा. त्याच्याकडून शेरे मागू नका, मिलिमीटर मागा : दोन्ही टायरची खोली आणि वर्ष, दोन्ही ड्रमचा व्यास, चेनची ढील, क्लच आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरची मोकळी चाल, बॅटरीचा इंजिन बंद आणि चालू असतानाचा व्होल्टेज. हा कागद जपून ठेवा.

गाडी घेतलीच तर तेल, प्लग, क्लच व ब्रेकच्या केबल आणि दोन्ही ट्यूब न विचारता बदलून घ्या. मग पाचशे किलोमीटर किंवा महिना, जे आधी होईल तेव्हा, त्याच मेकॅनिककडून तेच आकडे पुन्हा घ्या आणि पुढचे चाक हवेत उचलून हँडल पुन्हा हलवून पाहा. चेन महिन्यात दहा-पंधरा मिलिमीटरने ढिली झाली असेल तर पूर्ण संच बदला. हँडलचा धक्का परत आला असेल तर विक्रीआधी नट आवळला होता असे समजा आणि कोनसेट टाकून घ्या. ही दुसरी तपासणी होईपर्यंत मुलीने मागे कुणाला बसवू नये आणि घाटरस्त्याला गाडी नेऊ नये.